ससा अधू आहे आणि हात लावू देत नाही; मग त्याला स्वच्छ कसं ठेवायचं?

क्रॉफर्ड मार्केटमधून हौसेनं आणलेला ससा बघता बघता घरचाच होतो. नीट सांभाळला तर पाळीव ससा ८ ते १२ वर्षं जगतो. म्हणजे त्याचं म्हातारपण, आजारपण आणि कधी कधी अपंगत्वही घरातच काढावं लागतं. मागचे पाय अधू झाले की रोजचा प्रश्न उभा राहतो तो ओल्या, बरबटलेल्या मागच्या भागाचा. साफ करायला जावं तर ससा लाथा झाडतो, ओरबाडतो, प्रसंगी चावतो.

गिरगावच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वास लपत नाही. शेजारपाजारचेही बोलू लागतात. पण वास हा यातला सगळ्यात छोटा त्रास आहे. ओल्या केसांखाली सशाची त्वचा सोलवटते आणि पावसाळ्यात तिथे माशीनं अंडी घातली, तर एका दिवसात जिवावर बेतू शकतं. दुसरीकडे, जबरदस्तीनं धरून धुण्याच्या नादात सशाचा कणा मोडू शकतो.

थोडक्यात काय करायचं?

• ससा धुण्याआधी त्याची जागा सुधारा. अंथरूण कोरडं राहिलं तर निम्मी सफाई करावीच लागत नाही.
• पूर्ण आंघोळ नको. जेवढा भाग घाण झालाय तेवढाच साफ करा.
• ससा उचलू नका. जमिनीवर बसून, ३ ते ५ मिनिटांत आटपा.
• आधी हात लावू देणारा ससा अचानक विरोध करू लागला, तर वेदना आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा.
• पावसाळ्यात दिवसातून दोनदा मागचा भाग तपासा. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी, त्याच तासात दवाखाना.

ससा अधू झाल्यावर नेमकं काय अडतं?

धडधाकट ससा मांजरासारखाच स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. त्यासाठी त्याला कमरेत वाकून मागे पोहोचावं लागतं. पाय किंवा कणा साथ देत नसेल तर हे जमत नाही.

दुसरी अडचण लेंड्यांची. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक नेहमीच्या गोल, कोरड्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या छोट्या घडासारख्या. त्यांना सेकोट्रोप म्हणतात. यात जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, म्हणून ससा त्या थेट गुदद्वारातून खातो. हे किळसवाणं वाटलं तरी त्याच्या पचनाचा तो भाग आहे. अधू सशाचं तोंड तिथवर पोहोचत नाही. मग या लेंड्या केसांत चिरडतात, वाळतात आणि घट्ट गोळे होतात.

तिसरी अडचण लघवीची. ससा नीट उभा राहून मागचा भाग उचलू शकला नाही, तर लघवी पोटावर आणि मांड्यांवर ओघळते. सतत ओली राहिलेली त्वचा लाल होते, केस गळतात, पुढे जखमा होतात. याला युरीन स्काल्ड म्हणतात, म्हणजे लघवीनं त्वचा भाजल्यासारखी होणं.

पाय का निकामी होतात?

पडल्यामुळे किंवा चुकीचं उचलल्यामुळे झालेलं कण्याचं फ्रॅक्चर, म्हातारपणातला संधिवात, जन्मापासून फाकलेले पाय ही नेहमीची कारणं. शिवाय एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा एक सूक्ष्म परजीवी सशाच्या मेंदूवर आणि मूत्रपिंडावर हल्ला करतो. त्यात मान वाकडी होते किंवा मागचे पाय लुळे पडतात. हा परजीवी सशाच्या लघवीतून पसरतो. त्यामुळे सफाईनंतर साबणानं हात धुवा. घरात केमोथेरपी घेणारी किंवा रोगप्रतिकारशक्ती खूप कमी झालेली व्यक्ती असेल, तर सफाईचं काम तिच्याकडे देऊ नका.

कारण कळणं महत्त्वाचं आहे, कारण यातल्या काही आजारांवर उपचार असतात. तपासणी न करता ‘आता हा असाच राहणार’ असं ठरवू नये.

तो हात का लावू देत नाही?

ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. वरून हात आला आणि पाय जमिनीवरून सुटले, की त्याच्या लेखी त्याला घारीनं उचललेलं असतं. ज्याला पळता येत नाही अशा सशाची भीती तर आणखी वाढते.

यात एक शारीरिक धोकाही आहे. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्केच असतो. मांजराचा १२ ते १३ टक्के. हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र ताकदवान. अधांतरी धरलेल्या सशानं जोरात लाथ झाडली, तर स्वतःच्याच ताकदीनं त्याचा कणा मोडू शकतो. म्हणून ‘घट्ट धरलं की शांत होतो’ हा सल्ला धोक्याचा आहे.

दुसरं कारण वेदना. सोलवटलेल्या त्वचेवर ओलं कापड फिरलं की झोंबतं. दुखणारा सांधा वाकवला की कळ येते. दात जोरात करकरणं, डोळे बारीक करणं, कान मागे चिकटवणं, कुबड काढून बसणं ही दुखत असल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी सशाशी झटापट करण्याऐवजी पशुवैद्यांकडून वेदनाशामक लिहून घ्या आणि त्याचा असर सुरू झाल्यावर सफाई करा. अनेकदा विरोध तिथेच कमी होतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नका.

रील्समध्ये ससा उताणा धरला की ‘संमोहित’ होऊन गप्प पडलेला दिसतो. तो आरामात नसतो. घाबरलेला प्राणी मेल्याचं सोंग घेतो, तशी ती अवस्था असते. सफाईसाठी ही युक्ती वापरू नये.

आधी जागा, मग ससा

हात कमी लावायचा असेल तर अंथरुणानं जास्त काम करायला हवं.

• सगळ्यात खाली पुसता येईल अशी ताडपत्री किंवा प्लास्टिकची चटई.
• त्यावर शोषून घेणारा थर. मेडिकलमध्ये रुग्णांसाठी मिळणारे अंडरपॅड चालतात. वर्तमानपत्राचे जाड थरही चालतात, पण ते लवकर बदलावे लागतात.
• सगळ्यात वर फ्लीसचं कापड. लघवी त्यातून खाली झिरपते आणि वरचा भाग बऱ्यापैकी कोरडा राहतो.

अंडरपॅड उघडा ठेवू नका. ससा तो कुरतडून गिळू शकतो. जुनी गोधडी किंवा टर्किश टॉवेल मऊ असला, तरी ओल धरून ठेवतो आणि त्याचे धागे निघतात. नुसत्या लादीवर अधू सशाचे पाय घसरतात आणि टाचांना जखमा होतात, कारण कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या सशाच्या तळपायाला नसतात.

कापडं दिवसातून किमान दोनदा बदलावी लागतात. पाण्याची वेळ ठरलेली असते आणि पावसात गॅलरीतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्यामुळे फ्लीसचे पाच-सहा तुकडे हाताशी असू द्या. धुताना सुगंधी कंडिशनर टाळा. सशाच्या लघवीत कॅल्शियम जास्त असतं, त्यामुळे ट्रेवर पांढरा थर बसतो. तो पांढऱ्या व्हिनेगरनं निघतो. नंतर ट्रे साध्या पाण्यानं धुऊन वाळवा. फिनेल किंवा उग्र जंतुनाशकाचा वास सशाच्या नाकाला आणि फुप्फुसांना त्रास देतो.

गवत आणि पाण्याचं भांडं सशाच्या तोंडाच्या उंचीवर, अगदी जवळ ठेवा. पाण्यासाठी त्याला स्वतःच्याच ओल्यातून फरफटत जावं लागू नये.

खाणं बदललं की घाण कमी होते

चिकट लेंड्यांचं मूळ बऱ्याचदा ताटात असतं. पोळी, भात, मुरमुरे, बिस्कीट, केळं, रोजचं गाजर यांतल्या पिठानं आणि साखरेनं पचन बिघडतं आणि मऊ लेंड्या जास्त होतात. मोठ्या सशाच्या खाण्यात सुमारे ८० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा वाळलेल्या गवताचा हवा. ते पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मिळतं.

सोबतीला ताजं गवत म्हणून दूर्वा उत्तम. भुलेश्वरच्या फूलबाजारात किंवा देवळाबाहेर त्याच्या जुड्या मिळतात. हळद-कुंकू लागलेल्या किंवा हारातल्या दूर्वा नकोत. ताजी जुडी नीट धुऊन द्या. लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, मोठ्या सशाला रोज देऊ नये. त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि लघवी गढूळ, रेतीसारखी होऊ शकते. खाण्यात बदल मात्र हळूहळू, आठ-दहा दिवसांत करा.

वजनावरही लक्ष ठेवा. लठ्ठ सशाच्या पोटाच्या घड्या मागचा भाग झाकतात आणि तिथे ओल साचते.

हात लावायची सवय कशी लावायची?

एका दिवसात होत नाही. साधारण क्रम असा ठेवता येतो.

१. पहिले काही दिवस फक्त शेजारी जमिनीवर बसा. कोथिंबिरीची काडी हातातून द्या. साफ काहीच करू नका.
२. एक टॉवेल ठरवा. खाऊ नेहमी त्याच टॉवेलवर द्या. टॉवेल दिसला की खाऊ मिळतो, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे.
३. खाताना कपाळावरून, मग पाठीवरून एक-दोन सेकंद हात फिरवा. तो थिजला किंवा खायचा थांबला, की हात काढा.
४. हळूहळू कमरेपर्यंत, मग मांडीपर्यंत या. त्यानंतर कोरडं कापड, मग ओलसर कापड.
५. सफाई झाली की लगेच खाऊ द्या आणि त्याला त्याच्या जागी जाऊ द्या.

ससा झोपेतून ओढून काढून साफ करू नका. त्याची लपायची जागा ही त्याची सुरक्षित जागा राहू द्या. तिथे हात घातला की विश्वास जातो.

तपासायला प्रत्येक वेळी उचलायची गरज नाही. ससा खात असताना फोन जमिनीलगत मागून धरला, तर कॅमेऱ्यात ओल, लाली किंवा चिकटलेल्या लेंड्या दिसतात. फ्लॅश मारू नका. तारखेनिशी फोटो ठेवले, तर डॉक्टरांनाही जखम वाढतेय की भरतेय ते कळतं.

प्रत्यक्ष सफाई कशी करायची?

शक्यतो दोघांनी करा. सगळं सामान आधी हाताशी ठेवा, पंखा मंद करा, दार लावा. चाळीत मधेच कुणी आत आलं किंवा मांजर डोकावलं, तर सगळी मेहनत वाया जाते.

धरणारी व्यक्ती जमिनीवर मांडी घालून बसते. ससा टॉवेलवर, चारही पाय खाली टेकलेले, त्याची एक बाजू धरणाऱ्याच्या पोटाला टेकलेली. एक हात छातीखाली, दुसरा कमरेमागे. कान धरून किंवा मानेच्या कातडीला धरून उचलायचं नाही. फारच हलत असेल तर बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसा पुढचा भाग टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा आणि मागचा भाग मोकळा ठेवा. उकाड्यात हे दोन-तीन मिनिटांपुरतंच.

वाळलेली घाण: थोडं कॉर्नफ्लोर घेऊन त्या जागी बोटांनी हलकेच चोळा. गोळा सुटा होऊ लागला की बारीक फणीनं टोकाकडून सोडवा. केस ओढू नका. पीठ तोंडाजवळ उडू देऊ नका आणि जखमेवर लावू नका. टाल्कम पावडर वापरू नका.

ओली घाण किंवा लघवी: कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती कापड त्या जागेवर अर्धा मिनिट ठेवा, मग टिपून घ्या. घासू नका. फारच बरबटलं असेल तर परातीत दोन-तीन सेंटिमीटर कोमट पाणी घेऊन फक्त मागचा भाग त्यात टेकवा. परातीत खाली टॉवेल ठेवा, म्हणजे पाय घसरणार नाहीत.

वाळवणं: यातच बहुतेक जण घाई करतात. मुंबईच्या दमट हवेत सशाचे दाट केस वरून कोरडे वाटतात, आत ओले राहतात. टॉवेलनं टिपा, मग केस बाजूला सारून त्वचेला बोट लावून पाहा. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर सगळ्यात कमी उष्णतेवर, लांबून आणि ससा आवाजाला घाबरत नसेल तरच.

गाठी: कात्रीनं कापायला जाऊ नका. सशाची त्वचा पातळ असते आणि गाठीसोबत ताणली जाऊन सहज कापली जाते. मागच्या भागाचे केस ट्रिमरनं बारीक करणं हे काम दवाखान्यातच करून घ्या. दर काही आठवड्यांनी हे केलं, तर घरची रोजची सफाई निम्म्यावर येते.

कधी थांबायचं? ससा तोंड उघडून श्वास घेऊ लागला, किंचाळला, डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं किंवा एकदम ढिला पडला तर लगेच थांबा. अर्धवट साफ झालेला ससा चालेल. उरलेलं दोन तासांनी करता येतं.

हे वापरू नका

• माणसांचा साबण, शॅम्पू, सुगंधी बेबी वाइप्स.
• टी ट्री ऑइल किंवा इतर सुगंधी तेलं.
• फिप्रोनिल असलेली कुत्र्या-मांजरांची पिसवांची औषधं. सशासाठी ती विषारी आहेत.
• खोबरेल, हळद किंवा घरातलं उरलेलं मलम डॉक्टरांना न विचारता. ससा ते चाटतो, आणि तेलानं केस आणखी चिकटतात.
• उरलेली अँटिबायोटिक औषधं. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो.

पावसाळा आणि माश्या: सगळ्यात मोठा धोका

घाणीच्या आणि लघवीच्या वासावर माश्या येतात आणि ओल्या केसांत अंडी घालतात. उष्ण, दमट हवेत ही अंडी २४ तासांच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत त्वचा खाऊ लागतात. याला फ्लायस्ट्राइक म्हणतात. वरून केस असल्यामुळे ते उशिरा लक्षात येतं.

जून ते ऑक्टोबर सकाळ-संध्याकाळ मागचा भाग पाहा. सशाच्या जागेवर बारीक जाळी किंवा मच्छरदाणी लावा. मच्छर कॉइल किंवा स्प्रे त्याच्याजवळ वापरू नका. पिवळट-पांढरी, तांदळाच्या कणीसारखी अंडी केसांना चिकटलेली दिसली तर फणीनं काढा आणि त्वचा नीट तपासा. अळ्या दिसल्या तर ससा पूर्ण भिजवू नका. ओल्या केसांमुळे दवाखान्यात ट्रिमर चालवणं अवघड होतं. दिसतील तेवढ्या चिमट्यानं काढत थेट दवाखाना गाठा. ‘उद्या सकाळी नेऊ’ असं म्हणायची ही वेळ नसते.

सणांच्या दिवसांत काय?

केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. गुढीपाडव्याची शोभायात्रा, दहीहंडी, विसर्जन, दिवाळी हे सगळं गिरगावात खिडकीखालीच होतं. ढोल-ताशा आणि फटाक्यांच्या आवाजात ससा आधीच दचकलेला असतो. त्या तासांत सफाई करू नका. पहाटे किंवा दुपारी शांत वेळ पाहून करा. मिरवणुकीच्या दिवशी टॅक्सी मिळणं आणि रस्ता ओलांडणं कठीण होतं, म्हणून औषधं आणि अंडरपॅड आधीच आणून ठेवा.

दवाखाना कुठे आणि काय विचारायचं?

गिरगावकरांना जवळचे मोठे पर्याय परळ आणि महालक्ष्मीला आहेत. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे, ज्याला मुंबईकर ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखतात. त्याच भागात १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटल सुरू झालं. सगळेच पशुवैद्य सशांवर नेहमी उपचार करतात असं नाही. निघण्याआधी फोन करून ‘ससे बघणारे डॉक्टर आज आहेत का?’ हे विचारा.

जिन्यावरून आणि टॅक्सीतून नेताना कडक बाजूंचा पिंजरा घ्या, खाली टॉवेल आणि थोडं गवत ठेवा. दुचाकीवर किंवा पिशवीतून नेऊ नका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: वेदनाशामक लागेल का? मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय का? नसेल तर ते हातानं दाबून रिकामं करायला शिकवाल का? हे दाबणं व्हिडिओ बघून करू नये. मूत्राशय फुटू शकतं. डायपर लावायचा का? डायपरमुळे जमीन स्वच्छ राहते, पण त्वचा ओली राहते. त्यामुळे तो डॉक्टरांनी सांगितला तरच आणि थोड्या वेळापुरताच.

ससा १२ तास काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर तीही आणीबाणीच. सफाईच्या ताणानंतरही असं होऊ शकतं. म्हणून प्रत्येक सफाईनंतर तो पुन्हा खायला लागला का, हे पाहा.

अवघड प्रश्न: कुठवर करायचं?

मागचे पाय गेलेले अनेक ससे खातात, पितात, हाक मारली की कान टवकारतात, आवडत्या काडीसाठी पुढच्या पायांवर सरकत येतात. त्वचा कोरडी आणि वेदना आटोक्यात असेल, तर ते अपंगत्वासह बरं आयुष्य जगू शकतात. पण उपचार करूनही जखमा भरत नसतील, खाणं सुटलं असेल आणि प्रत्येक सफाई म्हणजे त्याच्यासाठी दहशत झाली असेल, तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलायला हवं. ते बोलणं म्हणजे जबाबदारी टाळणं नव्हे.

बागेत नेऊन सोडणं हा मात्र पर्याय नाही. पाळीव ससा बाहेर जगत नाही. अधू ससा तर कावळ्या-मांजरांच्या तावडीतून एक रात्रही वाचणं कठीण. पाळीव प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे. सांभाळणं झेपत नसेल तर तसं डॉक्टरांना किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला स्पष्ट सांगा आणि ससा कुणाच्या तरी हातात सोपवा.